पुन्हा केलेल्या गुन्ह्याची शिक्षा

वर्गातल्या दोन मुलांनी शेजाऱ्याच्या दप्तरातून पेन घेतले. पेन सारखेच, किंमतही सारखीच. एकाची ही पहिली वेळ आहे, दुसऱ्याची चौथी. आपल्यापैकी बहुतेक शिक्षक पहिल्याला समज देऊन सोडतील आणि दुसऱ्याच्या पालकांना बोलावतील. हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यामागचे कारण आपण स्वतःला विचारत नाही. आजची चूक तर दोघांची सारखीच आहे. आधीच्या तीन चुकांची शिक्षा दुसऱ्याने त्या त्या वेळी भोगलेली आहे. मग आज त्याला जास्तीची जी शिक्षा मिळते, ती नेमकी कशाबद्दल?

कायद्यापुढे हा प्रश्न फार जुना आहे. मनुस्मृतीत खिसेकापूला पहिल्या वेळी दोन बोटे, दुसऱ्या वेळी एक हात व एक पाय आणि तिसऱ्या वेळी प्राण अशी चढती शिक्षा सांगितली आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये धडधाकट भटक्याला आधी फटके, मग कान कापणे आणि शेवटी फाशी असा क्रम होता. या लेखात आपण दोन व्यवस्था शेजारी ठेवून पाहू. एक, मध्ययुगात विकसित झालेले इस्लामी न्यायशास्त्र, म्हणजे फिक्ह. दुसरी, आजचा फौजदारी कायदा. दोन्हींना एकाच अडचणीला तोंड द्यावे लागले. उत्तरे काही ठिकाणी वेगळी आहेत, तर काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतकी सारखी.

शिक्षांचे तीन वर्ग

फिक्ह म्हणजे एकच लिखित संहिता नव्हे. कुराण आणि पैगंबरांच्या परंपरा (हदीस) यांच्या आधारे विधिज्ञांनी शतकानुशतके केलेल्या युक्तिवादांचा तो साठा आहे. सुन्नी पंथात हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली अशा चार प्रमुख विचारशाखा आहेत. शिया पंथात जाफरी शाखा मुख्य आहे. एकाच प्रश्नावर या शाखांची मते वेगळी असू शकतात.

शिक्षांचे साधारण तीन वर्ग मानले जातात. पहिला 'हद्द', अनेकवचनी 'हुदूद'. या शिक्षा धर्मग्रंथांनी ठरवून दिलेल्या मानल्या जातात आणि न्यायाधीशाला त्या कमीजास्त करता येत नाहीत. ठरावीक अटींत बसणारी चोरी, वाटमारी, मद्यपान इत्यादी गुन्हे यात येतात. दुसरा 'किसास', म्हणजे खून व शारीरिक इजा यांची सारख्यास सारखी भरपाई. येथे माफ करण्याचा किंवा रक्तमूल्य स्वीकारण्याचा हक्क पीडिताकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. तिसरा 'ताझीर', म्हणजे बाकी सर्व गुन्ह्यांसाठी न्यायाधीशाच्या किंवा राज्यकर्त्याच्या विवेकावर सोडलेली शिक्षा.

आता अडचण लक्षात येईल. हद्दची शिक्षा जर ठरलेली आहे, तर तोच माणूस पुन्हा तोच गुन्हा करून समोर आला तर काय करायचे?

चोरीचे उदाहरण

चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा कुराणात आहे. परंतु विधिज्ञांनी तिच्याभोवती अटींचे दाट कुंपण घातले. चोरलेल्या वस्तूची किंमत एका किमान मर्यादेच्या वर हवी. या मर्यादेला 'निसाब' म्हणतात. हनफी मते ती दहा दिरहम, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम चांदी, आहे. इतर सुन्नी शाखांत ती पाव दिनार किंवा तीन दिरहम आहे. वस्तू सुरक्षित जागी ठेवलेली हवी. उघड्यावर पडलेली वस्तू उचलणे या व्याख्येत बसत नाही. जवळच्या नात्यातली चोरी आणि सार्वजनिक मालमत्तेतली चोरी यांना अनेक विधिज्ञांनी वगळले. कोणताही वाजवी संशय उरला तर हद्दची शिक्षा टळते, हे तर मूलभूत तत्त्वच आहे. इसवी सन ६३९ च्या सुमारास अरबस्तानात दुष्काळ पडला, तेव्हा खलिफा उमर यांनी चोरीसाठी हात तोडणे थांबवले होते, असे परंपरा सांगते.

या सगळ्या अटी ओलांडून गुन्हा सिद्ध झाला, तर पहिल्या वेळी उजवा हात मनगटापासून तोडावा आणि दुसऱ्या वेळी डावा पाय, यावर चारही सुन्नी शाखांचे साधारण एकमत आहे. खरा वाद तिसऱ्या वेळी सुरू होतो. मालिकी आणि शाफई विधिज्ञ म्हणतात, तिसऱ्या वेळी डावा हात, चौथ्या वेळी उजवा पाय आणि त्यानंतर तुरुंग. हनफी विधिज्ञ आणि हंबली शाखेतले प्रमुख मत दुसऱ्या वेळेनंतर थांबते. त्यांच्या मते तिसऱ्या वेळी चोराला पश्चात्ताप होईपर्यंत कैदेत ठेवावे.

हनफींच्या बाजूने चौथे खलिफा अली यांचे मत सांगितले जाते. खायला हात नाही आणि चालायला पाय नाही अशा अवस्थेत माणसाला सोडायची मला ईश्वरापुढे लाज वाटते, असा त्याचा आशय आहे. हनफी विधिज्ञ त्यातून पुढे असा युक्तिवाद करतात की, शिक्षेचा हेतू धाक बसवणे हा आहे. सगळे अवयव तोडणे म्हणजे माणूसच नष्ट करणे होय, आणि चोरीची शिक्षा मृत्यू नाही. शिक्षा चढत जावी, पण तिला कोठेतरी छत असावे, असा हा विचार आहे.

जाफरी शाखेचा क्रम निराळा आहे. पहिल्या वेळी उजव्या हाताची चार बोटे तोडतात, अंगठा आणि तळहात राखतात. दुसऱ्या वेळी टाच राखून डाव्या पायाचा पुढचा भाग तोडतात. तिसऱ्या वेळी आजन्म कैद आणि त्यानंतरही चोरी झाली तर मृत्युदंड. इराणच्या २०१३ च्या दंडसंहितेत हाच क्रम कलम म्हणून लिहिलेला आहे. पाकिस्तानात १९७९ साली निघालेल्या हुदूद अध्यादेशात उजवा हात, डावा पाय आणि मग जन्मठेप असा हनफी वळणाचा क्रम आहे.

मोजायचे काय?

'दुसरी वेळ' म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एखाद्याने दहा घरे फोडली आणि तो आज पहिल्यांदाच पकडला गेला. हा त्याचा पहिला गुन्हा की दहावा?

फिक्हचे उत्तर असे की, शिक्षेची अंमलबजावणी होण्यापूर्वी केलेल्या एकाच प्रकारच्या सर्व हद्द-गुन्ह्यांना मिळून एकच शिक्षा. या तत्त्वाला 'तदाखुल', म्हणजे एकमेकांत मिसळून जाणे, म्हणतात. दहा चोऱ्या करून एकदाच पकडल्या गेलेल्या माणसाचा एकच हात तुटतो. शिक्षा भोगल्यानंतर त्याने अकरावी चोरी केली, तरच ती 'दुसरी' ठरते. म्हणजे मोजणी गुन्ह्यांची नसून वाया गेलेल्या शिक्षांची आहे. धडा शिकवला, तो लागू पडला नाही, म्हणून पुढची पायरी.

आता भारतीय कायदा पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ७५ मध्ये आणि त्याची जागा घेणाऱ्या, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये, हेच सूत्र दिसते. नाणी, मुद्रांक आणि मालमत्ता यांविषयीच्या प्रकरणांतल्या, तीन वर्षे किंवा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्याने त्यानंतर पुन्हा तसाच गुन्हा केला, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. येथेही आधीची दोषसिद्धी हवी, आणि नवा गुन्हा त्यानंतरचा हवा. फरक एवढाच की फिक्ह शिक्षेच्या अंमलबजावणीपासून मोजते, तर आपला कायदा दोषसिद्धीपासून. सगळीकडे मात्र असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात एकाच खटल्यात सिद्ध झालेले दोन गुन्हेही दोन स्वतंत्र वेळा म्हणून मोजता येतात.

चौथ्या वेळचे मद्यपान

मद्यपानासाठी शाफई मते चाळीस, तर इतर सुन्नी शाखांच्या मते ऐंशी फटके आहेत. परंतु चौथ्या वेळी त्याला ठार करा, अशी एक हदीस आहे. हदीसशास्त्राचे मोठे संकलक तिरमिझी यांनी नोंदवून ठेवले आहे की, आपल्या संग्रहातल्या ज्या दोनच हदीसांवर विधिज्ञ अंमल करत नाहीत, त्यांतली ही एक. बहुसंख्य विधिज्ञांनी ती रद्द झालेली मानली, कारण चौथ्या वेळी आणलेल्या माणसाला पैगंबरांनी ठार केले नाही, असेही परंपरेत नोंदलेले आहे. अंदालुसियाचे इब्न हज्म यांना ती रद्द झाली हे मान्य नव्हते. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिम यांनी मधला मार्ग काढला. ही ठरलेली शिक्षा नव्हे, परिस्थिती पाहून राज्यकर्त्याने वापरायची मुभा आहे, असे त्यांचे म्हणणे. आजच्या इराणी संहितेत मात्र कोणत्याही एकाच हद्द-गुन्ह्यासाठी तीनदा शिक्षा भोगलेल्याला चौथ्या वेळी मृत्युदंड आहे. एकाच वचनाचे किती अर्थ लागू शकतात, याचे हे उदाहरण. 'इस्लामी कायदा असे सांगतो' असे वाक्य कानावर आले की कोणती शाखा, कोणता काळ आणि कोणता देश हे विचारायला हवे.

प्रत्यक्ष राज्यकारभारात सराईत गुन्हेगारांचा बंदोबस्त मुख्यतः ताझीर आणि 'सियासा', म्हणजे राज्यकर्त्याचा शांतता राखण्याचा अधिकार, यांतून होत असे. हनफी ग्रंथांत गळा आवळून वारंवार खून करणाऱ्याला या अधिकाराखाली ठार करण्याची मुभा आहे. उस्मानी साम्राज्यात अट्टल गुन्हेगाराला 'फसाद पसरवणारा' ठरवून गलबतावर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीला किंवा फाशीला पाठवता येई. येथे पुराव्याच्या कडक अटी सैल होत, आणि माणसाच्या लौकिकाला वजन येई. हद्दमध्ये न्यायाधीश कृत्य पाहतो, सियासामध्ये राज्यकर्ता माणूस पाहतो, असा ढोबळ भेद करता येईल.

भारतात मुघल काळापासून फौजदारी न्याय बराचसा हनफी पद्धतीचा होता आणि ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये तोच पुढे चालवला. १७९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अवयव तोडण्याची शिक्षा बंद झाली. एका अवयवाऐवजी सात वर्षे आणि दोन अवयवांऐवजी चौदा वर्षे सक्तमजुरी, असा हिशेब ठरला. १८६२ च्या आरंभी दंडसंहिता अमलात आली आणि तेव्हापासून भारतात सर्व धर्मीयांना एकच दंडकायदा आहे.

ओळख कशी पटवायची?

दुसऱ्या वेळी जास्त शिक्षा द्यायची तर हा तोच माणूस आहे, हे कळायला हवे. नोंदवह्या आणि छायाचित्रे नसलेल्या काळात नाव बदलले की माणूस नवा होई. म्हणून नोंद शरीरावरच ठेवली जाई. पंधराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पाद्रीवर्गाची सवलत घेऊन फाशीतून सुटलेल्या सामान्य माणसाच्या अंगठ्यावर तापल्या लोखंडाने अक्षर उमटवत, म्हणजे ती सवलत त्याला पुन्हा मागता येऊ नये. भारतात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदत. ही प्रथा १८४९ मध्ये बंद झाली. तुटलेला उजवा हात हीसुद्धा, हेतू काही असो, न पुसता येणारी नोंदच होती.

विज्ञानाने या नोंदीला शरीरापासून वेगळे केले. पॅरिसच्या पोलिसखात्यातले आल्फाँस बेर्तियाँ यांनी डोक्याची लांबी-रुंदी, मधले बोट, डावा पाय अशी हाडांची अकरा मापे घेऊन पत्रके लावण्याची पद्धत काढली. प्रौढपणी हाडे बदलत नाहीत आणि अकराही मापे जुळणारी दोन माणसे सापडणे कठीण, हा तिचा आधार. १८८३ मध्ये या पद्धतीने पहिला जुना गुन्हेगार ओळखला गेला. दोनच वर्षांनी, १८८५ साली, फ्रान्सने वारंवार गुन्हे करणाऱ्यांना फ्रेंच गयाना आणि न्यू कॅलेडोनिया येथे कायमचे पाठवण्याचा कायदा केला. ओळखता येऊ लागले, म्हणून असा कायदा राबवता आला.

पुढची पायरी आपल्याच देशात घडली. बंगालमधले अधिकारी विल्यम हर्शेल १८५८ पासून करारपत्रांवर हाताचे ठसे घेत होते. ठसे मिळाले, तरी हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा? वर्गीकरणाचे हे कोडे सोडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, जरी पद्धतीला नाव त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. १८९७ मध्ये कलकत्त्याला अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला. आज २०२२ च्या कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांतल्या बुबुळाची नोंदही पोलिसांना घेता येते.

छत कोठे असावे?

हनफींना पडलेला छताचा प्रश्न आधुनिक न्यायालयांनाही पडला. कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या कायद्यानुसार आधी दोन गंभीर गुन्हे असलेल्याचा तिसरा गुन्हा किरकोळ असला, तरी किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा होई. तीन गोल्फ-काठ्या चोरणाऱ्या एकाला तशी शिक्षा झाली. सुमारे दीडशे डॉलरच्या नऊ व्हिडिओ कॅसेट दोन दुकानांतून चोरणाऱ्या दुसऱ्याला ती दोनदा, म्हणजे किमान पन्नास वर्षे, झाली. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा कायम केल्या. शेवटी २०१२ मध्ये मतदारांनीच कायदा बदलला आणि तिसरा गुन्हाही सामान्यतः गंभीर हवा अशी अट घातली.

आपल्याकडे न्यायालयांनी दुसरी वाट धरली. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, असे सांगणारे दंडसंहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्या वेळी सक्तीची फाशी होती. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती काढली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला. मुंबईतल्या शक्ती मिल प्रकरणात बलात्काराच्या दुसऱ्या दोषसिद्धीसाठी फाशीची तरतूद असलेले कलम वापरले गेले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कलम वैध ठरवले, पण २०२१ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. या निकालांतून एक सूत्र दिसते. वाढीव शिक्षेला हरकत नाही, परंतु समोरच्या माणसाकडे न पाहता आकड्यावरून मृत्यू देता येणार नाही.

न्याय संहितेतले चोरीचे कलम ३०३ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिली वेळ आणि वस्तू किंवा तिची किंमत परत, असे असेल तर शिक्षा समाजसेवेची. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास मात्र किमान एक वर्ष ते पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड.

माणसावरून जमातीवर

कृत्याऐवजी माणूस मोजायला लागल्यावर घसरण कोठपर्यंत जाते, हे आपण महाराष्ट्रात पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः सराईत ठरवले. पुढे या कायद्याची व्याप्ती देशभर वाढली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये माणसांना हजेरी द्यावी लागे. तेथे जन्मलेल्या मुलाने काहीही केलेले नसताना त्याची मोजणी सुरू झालेली असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली. शिक्का मात्र सहज पुसला गेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग नियमावल्यांतले विमुक्त जमातींना सराईत धरणारे उल्लेख काढायला सांगावे लागले.

अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात राहणाऱ्या, १९४५ मध्ये जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलिस नोंदींचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सहा टक्के मुलांच्या नावावर एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. हे वाचून वाटते, या सहा टक्क्यांना लवकर ओळखून कोंडून ठेवले की काम झाले. अडचण अशी की कोण त्या सहा टक्क्यांत जाणार, हे आधी नेमके ओळखता येत नाही. शिवाय गुन्ह्यांचे प्रमाण किशोरवयाच्या शेवटी शिखरावर असते आणि मग वयाबरोबर उतरत जाते. नोकरी, संसार यांत गुंतलेले अनेक जुने गुन्हेगार आपोआप थांबतात. म्हणून पन्नाशीपुढच्या माणसाला आणखी वीस वर्षे कोंडण्याने समाजाची सुरक्षितता फारशी वाढत नाही. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच सांगितले होते की, शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती मिळण्याची खात्री जास्त परिणाम करते. आजचे संशोधनही साधारण त्याच बाजूला झुकते.

पुन्हा वर्गात

आता पेनच्या गोष्टीकडे वळू. या सगळ्या चर्चेतून शिक्षकाच्या उपयोगाच्या तीन गोष्टी मिळतात. पहिली, आधीची चूक शिक्षा ठरवताना पाहावी, दोष ठरवताना नव्हे. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात आरोपीचे जुने वाईट वर्तन सामान्यतः पुरावा म्हणून चालत नाही. पेन हरवले की 'तोच असणार' म्हणून एका मुलाकडे वळणारी आपली नजर हा नियम मोडत असते. दुसरी, तीच शिक्षा तीनदा लागू पडली नसेल, तर चौथ्या वेळी ती वाढवण्यापूर्वी तीच शिक्षा का, हे विचारावे. हनफी विधिज्ञही तिसऱ्या वेळी थांबून वेगळ्या उपायाकडे वळले. तिसरी, नोंद पुसण्याची सोय असावी. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाला त्या दोषसिद्धीमुळे पुढे अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर, काही गंभीर प्रकरणे वगळता, त्याची नोंद नष्ट करायची असते.

दहावीच्या वर्गात चर्चेसाठी एक प्रश्न देता येईल. दहा चोऱ्या करून एकदाच पकडला गेलेला, आणि दोनच चोऱ्या करून दोन्ही वेळा पकडला गेलेला, यांत जास्त शिक्षा कोणाला व्हावी? मुलांचे दोन गट पडतील. उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रत्येक गटाला एवढेच विचारावे की, तुम्ही नेमके काय मोजले?